शिवेवर फेकलेली टोपली

आयुष्यात मी ज्या एका जिवाचा मनापासून राग केला, तो खसखशीच्या दाण्याहून मोठा नव्हता. माझा नातू सांगतो की त्याला आठ पाय असतात आणि त्याचं शास्त्रातलं नाव वेगळं आहे. असेल बाप्पा. आंजीला, आमच्या गावी, आम्ही त्यांना पिसवाच म्हणायचो. खरी पिसू उडी मारते, ही मेली नुसती चालायची, एवढाच काय तो फरक. दिवसा शोधायला गेलात तर एकही दिसायची नाही. खुराड्याच्या फळ्यांच्या सांध्यात, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या भेगेत, टोपलीच्या विणीत दडून बसायच्या, आणि अंधारलं की कोंबड्यांच्या पायांवरून वर चढायच्या. उपाशी असल्या की राखी, पोट भरलं की लालबुंद. हल्ली माझ्या मुलीच्या घरी कुंडीतल्या झाडावर तसलं काही बारीक चालताना दिसलं की मी अजून दोन पावलं मागे सरकते, आणि ती हसते. हसू दे. तिच्या केसांत कधी त्या शिरल्या नाहीत.

बाबा शाळेत मास्तर होते आणि आमचं घर भाड्याचं. पुढे दोन खोल्या, मागे पडवी, पडवीच्या मागे वाडी. वाडीत एक कडुलिंब, एक शेवगा, न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं अळू आणि शेजारच्या मातीच्या भिंतीला टेकून कोंबड्यांचं खुराडं. आई हिंगणघाटकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी. माहेरी गाई, म्हशी, बैल, कापसाचे गंज, माणसांचा राबता. लग्न झालं आणि ती अशा घरात आली की सकाळी उठून हाकायला, चारायला, रागवायला काही नाही. नवरा दहा वाजता इस्त्रीचा सदरा घालून जायचा, की दिवसभर घर चिडीचूप. म्हणून तिनं माहेराहून दोन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणल्या, त्यांच्या सात झाल्या. सकाळी चूल पेटवायच्या आधी ती खुराड्याची फळी काढायची, आणि त्या एकामागून एक बाहेर पडताना प्रत्येकीशी काहीतरी बोलायची. "काऊन वं, आज लय उशीर?" "तुले कालपासून काय झालं?" बाबांशी ती दिवसभरात एवढं बोलत नसे. त्या कोंबड्या म्हणजे त्या घरात तिची एकटीची अशी एकच गोष्ट होती, आणि हे मला तेव्हाही कळत होतं, अकरा-बारा वर्षांची होते तरी.

आमची टिकली नावाची एक कबरी कोंबडी अंड्यांवर बसण्यात पटाईत. एकदा बसली की तीन आठवडे हलायची नाही. जवळ गेलं तर टोचायची. त्या श्रावणात ती बाराव्या दिवशीच अंड्यांवरून उठली आणि पुन्हा जाऊन बसेचना. बाकीच्यांनी अंडी देणं कमी केलं, त्यांचे तुरे फिके पडले. संध्याकाळी त्या खुराड्यात शिरायला मागेनात, शेवग्यावर चढून बसायच्या आणि पावसात भिजायच्या. आईनं एका संध्याकाळी जुन्या धोतराचा पांढरा तुकडा दांडीखाली अंथरला. सकाळी बाहेर काढला तर त्यावर लाल ठिपकेच ठिपके, बोटानं चिरडले की रक्त. आईनं तो तुकडा तसाच चुलीत घातला, हात राखेनं घासले आणि म्हणाली, "पिसवा झाल्या. आता मेहनत हाय बाई."

मेहनतीला सुरुवात व्हायच्या आतच बाबांचं प्रकरण झालं. अंडी काढताना पिसवा आईच्या पदराला लागायच्या, पदरावरून घरात यायच्या. एके दिवशी शाळेत तपासणीला साहेब आले होते आणि बाबा फळ्यासमोर उभे राहून अपूर्णांक शिकवत होते. तेवढ्यात साहेबांनी त्यांना हळूच जवळ बोलावलं आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्या कॉलरवर काहीतरी चालतंय." एवढंच. पण बाबा घरी आले ते चपला न काढताच. बाबा चिडले की घरातली बोली सोडून पुस्तकातलं बोलायचे. ते म्हणाले, "पोळ्यापर्यंत मुदत देतो. तोवर हे किडे गेले पाहिजेत. नाही गेले, तर कोंबड्या जातील. जामला गुलाबला कळवतो, तो घेऊन जाईल." गुलाबकाका म्हणजे बाबांचे मामेभाऊ. जामच्या फाट्यावर त्यांचा ढाबा होता. तिथे गेलेल्या कोंबडीचं काय होतं, हे सांगायची गरज नव्हती.  बाबांच्या पानात आईनं दुसरी भाकर वाढली आणि मागच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं जे केलं, ते मी आजही कुणी विचारलं तर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगू शकते, फक्त हल्ली कुणी विचारत नाही. खुराडं अख्खं रिकामं केलं. आतलं गवत, पिसं, जुनी दांडी, सगळं वाडीत पेटवलं. फळ्या खिळ्यांतून उचकटून काढल्या. बंबात पाणी उकळून बादलीनं आणायचं आणि सांध्यांवर, भेगांवर ओतायचं. कढत पाणी पडलं की फटीतून लालसर ओघळ यायचा. मग विळ्यानं खरवडणं. मग कापसाच्या बोळ्यानं भेगाभेगांत घासलेट, आणि शेवटी चुन्याचे दोन हात. खुराडं वाळेपर्यंत कोंबड्या पडवीत डालीखाली झाकलेल्या. त्यांच्यासाठी तिनं वाडीच्या कोपऱ्यात खड्डा करून चुलीची राख, बारीक माती आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला कालवून ठेवला. कोंबड्या त्यात लोळायच्या आणि पंख झाडायच्या, की आम्ही दोघी राखेनं पांढऱ्या. सीताफळाच्या बिया वाटून फळ्यांना लावायचं काम मात्र तिनं मला करू दिलं नाही. "डोयात गेलं तं आंधळी होशीन. मंग कोन करन तुह्याशी लगन?" असं म्हणायची आणि स्वतः पदर तोंडावर ओढून बसायची.

एकदा करून भागत नाही हे तिला माहेरापासून ठाऊक होतं. मोठ्या मरतात, अंडी राहतात, आठ दिवसांत नव्या निघतात. म्हणून तिनं हे सगळं तीन वेळा केलं, आठ-आठ दिवसांनी. चुन्यानं तिच्या बोटांची पेरं फाटली. कणीक मळताना मीठ झोंबायचं, तेव्हा ती तोंडातल्या तोंडात हूं करायची. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी दांडीखालचा कपडा सकाळी पांढराच्या पांढरा निघाला. तिनं तो बाबांच्या समोर, ते दाढी करत होते तिथे, आरशाच्या खाली धरला. बाबा म्हणाले, "बरं." आईचा चेहरा त्या दिवशी काय खुलला होता. पुरणपोळ्या करताना ती गुणगुणत होती.

राहिली होती फक्त एक टोपली. टिकलीला अंड्यांवर बसवायची, बुरडाकडची, पसरट. तिचा काठ सुटला होता तो आईनं निळ्या तारेनं बांधला होता. टोपलीच्या विणीतून पिसवा काही केल्या निघत नव्हत्या, म्हणून तिनं ती न्हाणीच्या मागे उलटी घालून ठेवली होती. पोळ्याच्या संध्याकाळी मला म्हणाली, "उद्या सकाळी थे टोपली जाळून टाकजो. इसरू नको." मी हो म्हटलं.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही बाजूंना पळसाच्या फांद्या ठेवतात, मेढे म्हणतात त्यांना. दुसऱ्या दिवशी पहाटे घरोघरची पोरं ते मेढे उचलतात, ओरडत ओरडत गावाच्या शिवेपर्यंत नेतात आणि पलीकडे फेकून देतात. ओरडायचं काय, तर घरात जी जी पीडा असेल तिचं नाव घ्यायचं आणि पीडा वाहून नेणाऱ्या मारबतीला म्हणायचं, घेऊन जा गे मारबत. माशा, मच्छर घेऊन जा गे मारबत. खोकला, खरूज घेऊन जा गे मारबत. परत येताना मागे वळून बघायचं नाही. आणि शिवेपलीकडे फेकलेलं काही कुणी उचलायचं नाही, कारण ती अख्ख्या गावाची पीडा, जो उचलील त्याच्या घरी जाईल.

त्या सकाळी भुरभुर पाऊस होता. टोपली ओली, लाकडं ओली, घासलेटचा डबा आईनं खुराड्यावर रिकामा केलेला. मी दोन काड्या वाया घालवल्या. गल्लीतून पोरं ओरडत निघाली होती. मला वाटलं, जाळायचं कशाला, मारबत नेतेच आहे की. खरं सांगते, आळस तर होताच, पण विश्वासही होता. जाळलं तर टोपली जाईल, मारबतीनं नेली तर पिसवांचं कुळच जाईल, असा माझा हिशेब. मी एका हातात मेढा, दुसऱ्या हातात टोपली घेतली आणि शिवेपर्यंत घसा फोडून ओरडले, "पिसवा घेऊन जा गे मारबत!" टोपली पळसाच्या ढिगावर भिरकावली आणि मागे न बघता घरी आले. आईनं विचारलं, "जाळली?" मी म्हटलं, "हो."

भिंतीपलीकडे पारबताकाकू राहायची. एकटी बाई, दोन शेळ्या आणि चार कोंबड्या. शेळ्यांसाठी रोज शिवेकडे चाऱ्याला जायची. तिचं नि आईचं सगळं बोलणं त्या मातीच्या भिंतीवरून चालायचं. काकूचं नुसतं डोकं दिसायचं, कारण तिकडची जमीन खाली होती. पोळा होऊन पाच-सहा दिवस झाले असतील, मी शेवग्याच्या शेंगा पाडायला भिंतीवर चढले तर काकूच्या खुराड्याच्या तोंडाशी टोपली. शेणानं छान सारवलेली, आत तिची काळी कोंबडी अंड्यांवर बसलेली. काठाला निळी तार. माझ्या हातातली काठी खाली पडली. आवाजानं काकू बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलं, मी कुठे बघतेय ते बघितलं, आणि न बोलता एक पोतं आणून टोपलीवर टाकलं. मीही न बोलता खाली उतरले. काकूला कळलं की मला कळलंय, आणि दोघींनीही तोंडातून अक्षर काढलं नाही. तिला भीती गावाची, मला आईची.

काकूचं खुराडं त्याच भिंतीला पलीकडून टेकलेलं आणि भिंतीला बोट जाईल एवढ्या भेगा. तीन दिवसांत आमचा दांडीखालचा कपडा पुन्हा लाल झाला. आई तो कपडा हातात धरून कितीतरी वेळ उकिडवी बसून होती. मग उठली, बंब पेटवला आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू केलं. कढत पाणी, विळा, चुना. या वेळी ती गुणगुणत नव्हती आणि कोंबड्यांशी बोलतही नव्हती. भेगा पुन्हा पुन्हा तपासायची, एकच फळी तीनतीनदा खरवडायची. मला विचारायची, "सुशे, म्या हा कोपरा धुतला होता न वं?" मी म्हणायची, "धुतला होतास." घरात गणपती बसले होते, रोज आरती व्हायची, आणि मी डोळे मिटून त्याला एकच सांगायची, की माझ्यावर न येता हे मिटव. गणपतीनं काही मिटवलं नाही. बाबांच्या बनियनवर पिसू सापडली, तेव्हा ते ओरडलेही नाहीत. पोस्टकार्ड घेतलं आणि जामला लिहिलं.

गणपती उठल्यानंतरच्या रविवारी सकाळी गुलाबकाका फटफटी घेऊन आले. मागे दोन्ही बाजूंना दोन पाट्या बांधलेल्या. मोकळ्या मनाचा माणूस, आल्या आल्या मोठ्यानं बोलायला लागला, पण आईचा चेहरा बघून आवाज खाली आणला. आईनं त्यांना चहा दिला. मग खुराड्याची फळी काढली, मूठभर ज्वारी टाकली आणि कोंबड्या दाणे टिपत असताना एकेक पकडून तिनं स्वतःच्या हातानं त्यांचे पाय सुतळीनं बांधले. सात जणी पडवीत आडव्या पडल्या. आई उभी राहिली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "भाऊजी, थ्या कबरीले अलग ठेवजा. थे अंड्याईवर लय चांगली बसते."

गुलाबकाकांनी कपात बघितलं. "हो वहिनी," म्हणाले. आतल्या खोलीत उभे असलेले बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. कबरी कुठे बसणार होती हे त्या पडवीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आईलाही. तरी ती तेवढं सांगत होती. माझ्याच्यानं ते बघवेना. मी दाराच्या चौकटीला धरून म्हटलं, "आई, म्या टोपली जाळली नाई."

"कोनती टोपली?"

"टिकलीची. शिवेवर फेकली. मेढ्यासंगं."

 बाबा आतून बाहेर आले. "फेकलीस? मग आता कुठे आहे ती?"

मी मान खाली घातली. माझं मी सांगितलं होतं, पण काकूचं कसं सांगणार? शिवेवरची वस्तू उचलली असं एकदा गावात झालं असतं, तर कुणी तिच्याकडून शेळीचं दूधसुद्धा घेतलं नसतं, आणि पुढे गावात ताप आला असता, बैल मेला असता, तरी त्याचा दोष तिच्याच दारावर आला असता. बाबांनी पुन्हा विचारलं. मी चौकटीला धरूनच उभी. त्यांनी हात उचलला. तो खराच उचलला होता की नाही मला माहीत नाही, बाबांनी मला उभ्या जन्मात मारलं नाही.

"माह्या घरी हाय, मास्तर."

भिंतीवर काकूचं डोकं दिसत होतं. ती कधीपासून तिथे उभी होती कोण जाणे. "पोरीले मारू नका. तिनं पायलं होतं, पन सांगितलं नाई कोनाले. शिवेवरून म्या उचलून आणली. चांगली टोपली होती, म्हटलं सडून जाईन. माही काळी बसाची होती." मग म्हणाली, "पिसवा तिच्यातूनच आल्या. मलेबी समजलं होतं. सांगाची हिंमत झाली नाई. गाव म्हणन, पारबतानं सारी पीडा घरात आणली."

 पायबांधल्या कोंबड्या मधूनच कुरकुरत होत्या. आई बोलेल असं मला वाटत होतं आणि त्याची भीतीही वाटत होती. पण आधी बोलले बाबा, आणि त्यांचं ते पुस्तकातलं मराठी त्या दिवशी पहिल्यांदा मला आवडलं. ते म्हणाले, "पारबताबाई, टोपली म्हणजे टोपली आणि पिसवा म्हणजे पिसवा. त्यात गावाची पीडा वगैरे काही नसतं. मी शाळेत रोज हेच शिकवतो. आणि गुलाब, तू काही ऐकलं नाहीस."

"मी चहा पिऊन राह्यलो न भाऊ," गुलाबकाका म्हणाले.

आई खाली बसली आणि टिकलीच्या पायांची सुतळी सोडायला लागली. गाठ घट्ट होती, तिच्या फाटलेल्या बोटांनी सुटेना, तर तिनं दातांनी सोडली. मग दुसरी, मग तिसरी. बाबांना तिनं विचारलं नाही आणि बाबांनीही काही म्हटलं नाही. सातही सुटल्यावर भिंतीकडे न बघताच म्हणाली, "पारबता, बंब पेटवून राह्यली मी. तुह्या फळ्या काढून ठेवजो. दोन्ही खुराडे एकाच दिवशी नाई केले तं काई फायदा नाई." काकू म्हणाली, "काढतो." गुलाबकाका तासभर थांबले, उकळत्या पाण्याच्या चार बादल्या भिंतीवरून काकूकडे देऊन रिकाम्या पाट्या घेऊन जामला परत गेले. टोपली काकूनं स्वतः जाळली. काळीची अंडी आईनं एकेक पुसून राखेच्या मऊ गादीवर मांडली, त्यातून पिल्लं किती निघाली ते आता आठवत नाही, पण निघाली.

दोघींचं ते काम उन्हं कलेपर्यंत चाललं. मला भिंतीच्या भेगा शेणमातीनं लिंपायला बसवलं होतं, इकडून मी, तिकडून काकू. लिंपता लिंपता एका भेगेतून काकूचा डोळा दिसला. ती म्हणाली, "मोठी गप पोट्टी हायेस वं तू." ती कौतुक करत होती की बोल लावत होती, हे मला ठरवता आलं नाही. मी माती दाबून भेग बुजवली.

आईनं मला दिवसभर काही म्हटलं नव्हतं. रागाचा एक शब्द नाही. मला वाटलं, कोंबड्या राहिल्या, तिचं मन निवलं, सुटलो आपण. दिवेलागणीला ती पडवीत बसून हाताला खोबरेल चोळत होती. चुन्यानं सगळी पेरं उकलली होती, एका बोटातून रक्त येत होतं. मी वाती करायच्या निमित्तानं जवळ जाऊन बसले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. हात उजेडात धरून उलटा-सुलटा करून बघत म्हणाली, "तुले सारं मालूम होतं."

मी म्हटलं, "हो."

"दहा दिवस मी माह्या हाताईलेच दोष देऊन राह्यलती, बाई. म्हटलं, माहेरी येत होतं थे सारं इसरली मी."

ती रडत नव्हती. नुसतं सांगत होती. मी तेलाची वाटी माझ्याकडे ओढली आणि तिचा हात मांडीवर घेतला.